पहिल्या गेमसाठी इंजिन कोणतं? लॅपटॉप, खेळणाऱ्याचा मोबाइल आणि मराठी अक्षरं बघून ठरवा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बीसीए, डिप्लोमा, इंजिनिअरिंग करणारी मुलं-मुली गेम बनवायचं मनावर घेतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: युनिटी शिकू की अनरियल? अलीकडे गोडोचंही नाव ऐकू येतं. उत्तरासाठी यूट्यूब उघडलं जातं. अनरियलमधलं धुक्यातलं जंगल, ओल्या दगडावर चमकणारा प्रकाश बघून डोळे दिपतात, डाउनलोड सुरू होतं, कित्येक दिवसांचा मोबाइल डेटा त्यात जातो आणि आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ते इंजिन उघडता उघडत नाही. त्यानंतर बरेच जण गेम बनवण्याचा नादच सोडून देतात. मला हे फार लागतं, कारण त्यांच्या डोक्यातला गेम हलक्या इंजिनात महिन्याभरात उभा राहिला असता.

माझं सांगणं सरळ आहे. इंजिनांची तुलना नंतर करा. आधी आपला लॅपटॉप बघा, मग गेम ज्याच्या हातात जाणार त्याचा मोबाइल बघा आणि मग पडद्यावर कोणती भाषा दिसणार ते बघा. निम्म्याहून जास्त निर्णय तिथेच होतो. उरलेला निर्णय एकच छोटा गेम दोन इंजिनांत करून घ्यायचा, कुणाला विचारून नाही.

इंजिन म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगून पुढे जातो. पडद्यावर चित्र आणणं, बोटाचा स्पर्श ओळखणं, दोन वस्तूंची टक्कर पकडणं, आवाज वाजवणं आणि शेवटी या सगळ्याची मोबाइलवर टाकता येईल अशी एपीके फाइल करून देणं, ही कामं प्रत्येक गेममध्ये तीच असतात आणि ती इंजिन करतं. गेमची कल्पना, नियम, चित्रं आणि मजा तुम्हालाच आणावी लागते. २०२४ मध्ये जगभर गाजलेला बालाट्रो हा पत्त्यांचा गेम लव्ह नावाच्या छोट्या फ्रेमवर्कवर, लुआ भाषेत बनला आहे. मोठ्या इंजिनानेच मोठा गेम होतो, हा समज मनातून काढून टाका.

पायरी १: लॅपटॉपचे चार आकडे वहीत लिहा

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स'मध्ये जा. रॅम किती, ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे की प्रोसेसरमधलंच, डिस्क एसएसडी आहे की जुनी फिरती हार्ड डिस्क, आणि 'धिस पीसी' उघडून मोकळी जागा किती, हे लिहून घ्या.

अनरियल इंजिन ५ साठी एपिक गेम्स ही कंपनी ३२ जीबी रॅम आणि ८ जीबी किंवा जास्त मेमरीचं ग्राफिक्स कार्ड सुचवते. इंजिनच डिस्कवर चाळीस-पन्नास जीबी खातं, प्रोजेक्ट वेगळा. तुमच्याकडे आठ जीबी रॅम आणि प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स असेल तर अनरियलचा विषय सध्या बंद. यात कमीपणा काही नाही.

युनिटी आठ जीबीवर टूडी गेमसाठी चालतं, पण धीर लागतो. सोळा जीबी आणि एसएसडी असेल तर काम सुखाचं होतं. युनिटी हबमधून एडिटर घेताना अँड्रॉइडचा भाग, म्हणजे मोबाइलची फाइल बनवायला लागणारी एसडीके, एनडीके आणि जेडीके ही साधनं, सोबत टिकमार्क करावा लागतो. सगळं मिळून दहा जीबीच्या पुढे सहज जातं.

गोडो या बाबतीत अगदीच वेगळं आहे. झिप फाइल शंभर एमबीच्या आत येते, उघडायची आणि आतली फाइल चालवायची, इन्स्टॉल करण्याची भानगडच नाही. मोबाइलसाठी गेम बाहेर काढताना एक्सपोर्ट टेम्प्लेट्स म्हणून साधारण एक जीबीचं डाउनलोड लागतं, शिवाय जेडीके १७ आणि अँड्रॉइड एसडीके. टूडीसाठी चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवरही तग धरतं. नवा प्रोजेक्ट करताना रेंडरर, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा भाग, विचारला जातो, तिथे 'कम्पॅटिबिलिटी' निवडा. जुन्या ग्राफिक्सवर आणि स्वस्त मोबाइलवर तोच नीट चालतो.

लॅपटॉपच नसेल तर? गोडोचा एडिटर अँड्रॉइडवरही मिळतो आणि जीडेव्हलप नावाचं इंजिन ब्राउझरमध्येही चालतं. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर काम करणं सोपं नाही, पण शिकायला सुरुवात होते आणि ती खरी सुरुवात असते.

आपल्याकडचा उन्हाळाही हिशेबात धरा. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पंखा घोंघावणारा लॅपटॉप स्वतःचा वेग कमी करतो. बिल्ड काढणं (गेमची तयार फाइल बनवणं), मोठ्या फाइल इम्पोर्ट करणं ही जड कामं सकाळी सात-आठच्या आत उरका. वीज जाण्याचा भरवसा नसतो आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटंही टिकत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून गिट (कोडच्या जुन्या-नव्या प्रती जपून ठेवणारं साधन) वापरा आणि रोज संध्याकाळी कोड ऑनलाइन ढकला. युनिटीचा 'लायब्ररी' फोल्डर आणि गोडोचा 'डॉट गोडो' फोल्डर गिटमध्ये टाकू नका. ते इंजिन परत तयार करतं, तुमचा डेटा फुकट जातो.

आणखी एक सल्ला, मनापासून. हाती आठ-दहा हजार रुपये असतील तर ते महागड्या कोर्सवर घालू नका. रॅम वाढवता येत असेल तर सोळा जीबी करा आणि एसएसडी टाका. शिकण्याचं साहित्य फुकट भरपूर आहे.

पायरी २: खेळणारा कोण आहे?

एका ओळीत लिहा: कोण खेळणार, कशावर, कुठे, किती वेळ. उदाहरणार्थ, "चाळीसगावहून जळगावला अप-डाउन करणारा कॉलेजचा मुलगा, तीन-चार जीबी रॅमच्या अँड्रॉइड मोबाइलवर, रेल्वेत, नेट नसताना, पाच मिनिटं." ही एक ओळ लिहिली की कितीतरी प्रश्न मिटतात. गेम टूडी हवा, उभ्या पडद्यावर एका हाताने खेळता यायला हवा, फाइल लहान हवी, नेटशिवाय चालायला हवा. अशा गेमला अनरियलची गरजच नाही.

खेळणारा कॉम्प्युटरवर बसून दोन तास थ्रीडी दुनियेत हिंडणार असेल तर मात्र गणित बदलतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये राजी हा भारतीय पुराणकथांच्या वळणाचा गेम आणला, तो अनरियलमध्ये बनलेला आहे. तसा प्रकाश, तशी वास्तू हवी असेल तर अनरियलसारखं हत्यार नाही. पण त्यामागे कलाकारांचा संघ आणि काही वर्षांचं काम असतं.

ब्राउझरमध्ये, लिंकवर टिचकी मारून चालणारा गेम हवा असेल तर गोडो, जीडेव्हलप किंवा जावास्क्रिप्ट येत असेल तर फेझर हे ब्राउझर-गेमचं फ्रेमवर्क बघा. गोडोत वेबसाठी जीडीस्क्रिप्टच वापरा, कारण गोडो ४ मध्ये सी शार्पचा प्रोजेक्ट वेबवर एक्सपोर्ट होत नाही. अनरियल ५ मध्ये वेबची अधिकृत सोय नाही. आयफोनसाठी मॅक लागतो आणि ॲपलला वर्षाला ९९ डॉलर द्यावे लागतात. पहिल्या गेमला आयफोन सोडून द्या.

पायरी ३: मराठी अक्षरं, आणि अहिराणीही

इंजिनांच्या तुलनेत ही पायरी जवळजवळ कुठेच सापडत नाही. आपल्या गेमचं नाव मराठीत, बटणं मराठीत, पात्रांचं बोलणं अहिराणीत असावं असं वाटत असेल तर हीच पायरी सगळ्यात निर्णायक ठरते.

'कि' लिहिताना आपण आधी क आणि मग वेलांटी टाइप करतो. मेमरीतही तोच क्रम असतो. पडद्यावर मात्र वेलांटी कच्या आधी यायला हवी. 'त्र', 'क्ष', 'श्री', 'द्य' यांत दोन-तीन चिन्हं मिळून एक आकार तयार होतो. 'दुसऱ्या'मधला अर्धा र वर रफार होऊन बसत नाही, आडवा राहतो. ही सगळी मांडणी करायला इंजिनात अक्षर-जुळणीची वेगळी यंत्रणा लागते. ती नसेल तर 'किल्ला' लिहिताना वेलांटी कच्या मागे लटकते आणि ल खाली पाय मोडून उभा राहतो.

गोडो ४ मध्ये ही जुळणी हार्फबझ या लायब्ररीने मुळातच होते. अनरियलमध्येही तीच लायब्ररी आहे. युनिटीत मजकूर दाखवायला सर्रास वापरलं जाणारं टेक्स्टमेशप्रो मात्र देवनागरी नीट जुळवत नाही, आणि आपल्या मुलांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. युनिटी ६ मध्ये यूआय टूलकिटसाठी (बटणं, मेनू बनवायचं साधन) प्रगत मजकुराचा पर्याय आला आहे, तो वापरून बघा. नाहीतर मजकूर कमी असेल तेव्हा शब्द चित्र म्हणून बनवून लावणं किंवा ॲसेट स्टोअरवरचं प्लगिन घेणं, हे मार्ग उरतात. संवादांनी भरलेला गेम चित्रांवर काढणं फार कष्टाचं आहे. जीडेव्हलप आणि फेझरमध्ये ब्राउझरच अक्षरं काढत असल्याने देवनागरी बरोबर दिसते.

चाचणी अशी करा. नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता, यांपैकी एक फॉन्ट उतरवा. दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, विकायच्या गेममध्येही चालतात. फॉन्टची फाइल प्रोजेक्टमध्ये घाला आणि एका लेबलवर हे वाक्य टाका:

"थाळनेरच्या किल्ल्यावर विद्यार्थ्याने श्रीफळ फोडलं; दुसऱ्या दिवशी तू काय करी ऱ्हायना?"

यात वेलांटी, जोडाक्षरं, रफार आणि 'ऱ्ह'सारखं अहिराणीत पदोपदी लागणारं अक्षर, सगळं आहे. लॅपटॉपवर नीट दिसलं म्हणून थांबू नका, मोबाइलवर टाकून बघा. गोडोत फॉन्ट लावायचा राहिला तर लॅपटॉपवर विंडोजचा फॉन्ट उसना घेतला जातो आणि सगळं ठीक वाटतं. तोच गेम ब्राउझरमध्ये उघडला की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात.

संवाद एकेक अक्षर उमटत जावेत असा परिणाम बऱ्याच जणांना हवा असतो. गोडोच्या लेबलमध्ये किती अक्षरं दाखवायची ते ठरवता येतं, पण मूळ सेटिंगमध्ये मोजणी जुळणीच्या आधी होते. त्यामुळे 'विद्यार्थी' उमटताना आधी पाय मोडलेला द दिसतो आणि क्षणाने त्याचा 'द्य' होतो. त्याच सेटिंगमध्ये 'जुळणीनंतर मोजा' असा अर्थ असलेला पर्याय आहे, तो निवडला की अक्षरं सलग उमटतात. आकडे ०, १, २ असे देवनागरीत दाखवायचे असतील तर दहा अंकांची अदलाबदल करणारं छोटं फंक्शन लिहा आणि गुण दाखवताना प्रत्येक वेळी त्यातूनच जा.

पायरी ४: भाषा आणि नोकरी

युनिटीत सी शार्प, अनरियलमध्ये सी प्लस प्लस आणि ब्ल्यूप्रिंट नावाची आकृत्या जोडायची पद्धत, गोडोत जीडीस्क्रिप्ट. पायथन शिकलेल्याला जीडीस्क्रिप्ट एका आठवड्यात हाताशी येते. कोड लिहायचाच नसेल तर जीडेव्हलपमध्ये 'अमुक झालं तर तमुक कर' अशा ओळी मांडून गेम होतो. आठवी-नववीच्या मुलांना मी आधी तेच देईन. गोष्ट सांगणारा, पर्याय निवडत पुढे जाणारा गेम असेल तर पायथनवर चालणारं रेनपाय बघा. तेही फुकट आहे, अक्षरांची चाचणी मात्र तिथेही करा.

पुण्या-मुंबईत मोबाइल गेमच्या नोकरीवर डोळा असेल तर युनिटी आणि सी शार्प शिकणं फायद्याचं आहे, जाहिरातींत तेच जास्त मागतात. युबिसॉफ्टचा पुण्यात २००८ पासून स्टुडिओ आहे, पण अशा मोठ्या कंपन्या बहुतेक वेळा स्वतःची इंजिनं वापरतात. तिथे इंजिनाच्या बटणांपेक्षा सी प्लस प्लस, गणितातले व्हेक्टर आणि पूर्ण केलेला एखादा गेम जास्त कामाला येतो. म्हणून नोकरीसाठीसुद्धा 'कोणतं इंजिन येतं' यापेक्षा 'काय पूर्ण केलंत' याचं उत्तर तयार ठेवा.

पायरी ५: परवाना वाचा, पैशांचं गणित करा

युनिटी पर्सनल फुकट आहे, जोवर मागच्या बारा महिन्यांतली कमाई किंवा मिळालेला निधी दोन लाख डॉलरच्या, म्हणजे सुमारे पावणेदोन कोटी रुपयांच्या आत आहे. अनरियल एका गेमच्या एकूण दहा लाख डॉलरच्या विक्रीपर्यंत काही घेत नाही, त्यावरच्या रकमेवर ५ टक्के स्वामित्वशुल्क घेतं. २०२५ पासून, गेम एपिकच्या दुकानातही इतरांच्या आधी किंवा बरोबर आणला तर ते साडेतीन टक्के होतं. गेममेकर हे आणखी एक इंजिन बिगर-व्यावसायिक कामाला फुकट आहे, मोबाइल-कॉम्प्युटरवर विकायचं असेल तर एकदाच पैसे भरून परवाना मिळतो. गोडो एमआयटी या खुल्या परवान्याखाली आहे, कमाई कितीही झाली तरी देणं काही नाही.

पहिल्या गेममधून पावणेदोन कोटी येणार नाहीत, मग हे वाचायचं कशाला? त्याला कारण आहे. १२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटीने जाहीर केलं की ठरावीक मर्यादा ओलांडलेल्या गेमवर प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क लागेल. आधीच बाजारात असलेल्या गेमनाही ते लागू होणार होतं. जगभर विरोध झाला, अटी सौम्य झाल्या आणि बरोबर एका वर्षाने, १२ सप्टेंबर २०२४ ला, गेमसाठीचं ते शुल्क रद्द झालं. रद्द झालं हे चांगलंच. पण कंपनीच्या मालकीचं इंजिन घेतलं की कंपनीचे नियम बदलू शकतात, एवढं ध्यानात ठेवून घ्या. आज उतरवलेली गोडोची आवृत्ती मात्र कुणी तुमच्याकडून परत घेऊ शकत नाही.

याच पायरीवर एक कायद्याची गोष्ट. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. "पैसे लावून रमी बनवून दे, चांगले देतो" असं सांगत कुणी आलं तर हात जोडून नकार द्या.

पायरी ६: दोन रविवार, दोन इंजिनं, एकच गेम

वरच्या पायऱ्यांनी इंजिनांची यादी दोनवर येते. आता हात घाला. आपल्या मातीतलाच एक गेम घेऊ: रावेर-यावल पट्ट्यातली केळी. वरून केळीच्या फण्या पडतात, खाली क्रेट आहे, बोटाने क्रेट डावी-उजवीकडे सरकवायचा. चांगली फणी पकडली की एक गुण, काळी पडलेली पकडली की दोन गुण कमी. साठ सेकंद. शेवटी गुण आणि आजवरचा उच्चांक मराठीत. बस. दुकान, लेव्हल, जाहिरात यातलं काहीही या चाचणीत आणू नका.

हा गेम लहान दिसतो, पण स्पर्श, नव्या वस्तू तयार करणं, टक्कर, वेळ, मजकूर, आवाज, माहिती साठवणं आणि मोबाइलवर पोचवणं, हे सगळं त्यात येतं. मोठ्या गेममध्येही हेच असतं, फक्त जास्त.

चित्रांवर वेळ घालवू नका. पिवळा आयत म्हणजे फणी, करडा आयत म्हणजे क्रेट. चित्रं हवीच असतील तर केनी या निर्मात्याची सीसी-झीरो परवान्याची, म्हणजे कुठेही मोकळेपणी वापरता येणारी, मोफत चित्रं आणि आवाज वापरा.

गोडोत असं करा. फणीचा वेगळा सीन (गेमचा सुटा भाग) बनवा: मुळाशी एरिया-टूडी, त्याखाली स्प्राइट-टूडी आणि कोलिजन-शेप-टूडी. स्क्रिप्टमध्ये दर फ्रेमला तिला खाली सरकवा, सरकण्याचा वेग डेल्टाने (मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळाने) गुणा, आणि पडद्याच्या खाली गेली की क्यू-फ्रीने काढून टाका. डेल्टाने गुणायला विसरलात तर महाग मोबाइलवर केळी धो धो पडतील आणि स्वस्त मोबाइलवर रेंगाळतील. क्रेटही एरिया-टूडीच ठेवा. दोन्ही एरिया असले की 'एरिया-एन्टर्ड' हा सिग्नल येतो. क्रेट कॅरेक्टर-बॉडी असेल तर फणीकडे 'बॉडी-एन्टर्ड' येतो. टक्कर लागत नाही म्हणून तासन्‌तास डोकं धरून बसलेल्यांचं कोडं बहुतेक वेळा याच फरकात असतं. मुख्य सीनमध्ये एक टायमर ठेवा, पाऊण सेकंदाला तो नवी फणी वरच्या कुठल्याही जागी सोडेल. दुसरा टायमर साठ सेकंदांचा. उच्चांक कॉन्फिग-फाइलने 'यूजर' फोल्डरात लिहा.

युनिटीत हाच गेम करताना फणीचा प्रीफॅब (पुन्हा पुन्हा वापरायचा साचा) बनतो. त्यावर रिजिडबॉडी-टूडी आणि बॉक्स-कोलायडर-टूडी लावायचे आणि कोलायडरवर 'इज ट्रिगर' टिक करायचं. खाली पडणं रिजिडबॉडीच्या गुरुत्वाकर्षणावर सोडा. टक्कर पकडणाऱ्या फंक्शनच्या नावात शेवटी 'टूडी' हवंच. ते राहिलं तर एररही येत नाही आणि टक्करही लागत नाही. उच्चांकासाठी प्लेअर-प्रेफ्स पुरतं.

रविवारी सकाळी नऊला सुरू करा, दुपारी जेवून तासभर पडा, संध्याकाळपर्यंत जिथे पोचाल तिथे थांबा. पुढच्या रविवारी दुसरं इंजिन. दुसऱ्या वेळी गेमची रचना आधीच डोक्यात असते, त्यामुळे ते इंजिन सोपं वाटण्याची शक्यता आहे. म्हणून जे इंजिन तुम्हाला मनातून जास्त आवडतं ते पहिल्या रविवारी घ्या, म्हणजे चाचणी सरळ होईल.

पायरी ७: मोबाइलवर टाकून मोजा

दोन्ही एपीके घरातल्या सगळ्यात जुन्या मोबाइलवर टाका. आईचा किंवा आजोबांचा मोबाइल यासाठी उत्तम. फाइल किती एमबीची झाली, चिन्हावर बोट ठेवल्यापासून गेम सुरू व्हायला किती सेकंद लागले, दहा मिनिटं खेळून मोबाइल किती तापला, बॅटरी किती टक्के उतरली, हे वहीत मांडा. अंगणात, उन्हात पाच मिनिटं खेळून बघा. आपल्या उन्हाळ्यात मोबाइल तापला की तो स्वतःच वेग कमी करतो आणि केळी अडखळत पडायला लागतात. फ्रेम दर सेकंदाला ६० वर, गेम संथ असेल तर ३० वरही बांधून ठेवला तर बराच फरक पडतो. पडद्याचा उजेड वाढवूनही रंग दिसत नसतील तर पार्श्वभूमी आणि अक्षरं यांतला फरक वाढवा.

आणखी दोन गोष्टी लिहा, त्यांना आकडा नाही. कोडमध्ये एक ओळ बदलून परिणाम दिसेपर्यंत किती वाट पाहावी लागत होती? आणि अडकलात तेव्हा एररची ओळ वाचून काय चुकलं ते कळत होतं का? वर्षभर काम करताना माणूस टिकतो किंवा कंटाळतो तो या दोन गोष्टींमुळे. माझ्या लेखी त्यांचं वजन ग्राफिक्सपेक्षा जास्त आहे.

पायरी ८: ठरवा आणि आवृत्ती बांधून टाका

आठ जीबीचा लॅपटॉप, टूडी गेम, मराठी किंवा अहिराणी मजकूर आणि अँड्रॉइड, अशी परिस्थिती असेल, आणि आपल्याकडे बहुतेकांची असतेच, तर गोडो घ्या. मी हे ठामपणे सांगतो. सोळा जीबीचा लॅपटॉप आहे आणि दोन वर्षांत पुण्याला नोकरी हवी आहे, तर युनिटी. थ्रीडी वास्तू, सिनेमासारखी दृश्यं हाच ध्यास असेल आणि तसा कॉम्प्युटर खरोखर असेल, तर अनरियल. ब्ल्यूप्रिंटने सुरुवात करा, पण सी प्लस प्लस टाळू नका.

इंजिन ठरलं की त्याची स्थिर आवृत्ती घ्या, युनिटीत एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळत राहणारी) असते ती. गेम संपेपर्यंत मोठी आवृत्ती बदलू नका. अपवाद एकच: प्ले स्टोअर दरवर्षी ॲपने कोणत्या अँड्रॉइडला लक्ष्य करावं याची अट वाढवतं. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या ॲपना अँड्रॉइड १५ ला लक्ष्य करावं लागतं. त्यामुळे तीन-चार वर्षांपूर्वीच्या व्हिडिओत दाखवलेली जुनी आवृत्ती शोधून घेऊ नका, तिची फाइल दुकानात स्वीकारली जाणार नाही.

मध्येच 'दुसरं इंजिन बरं' असं वाटेल, कारण प्रत्येक इंजिनात चौथ्या-पाचव्या आठवड्यात कंटाळवाणं काम येतंच. इंजिन बदलण्याची दोनच कारणं मी मान्य करतो: गेमला अत्यावश्यक असलेली गोष्ट त्या इंजिनात होतच नाही हे तपासून कळलं, किंवा परवान्याच्या अटी बदलल्या. नवा व्हिडिओ बघितला, हे कारण नव्हे.

पायरी ९: लोकांपर्यंत

आधी इच.आयओ या गेमच्या वेबसाइटवर टाका, तिथे पैसे लागत नाहीत. कॉम्प्युटरचा गेम स्टीम या ऑनलाइन दुकानात आणायचा तर प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात. प्ले स्टोअरचं खातं २५ डॉलरला, एकदाच. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना मात्र गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते. हे ऐन वेळी कळलं की धावपळ होते. गेम अर्धा झाला की लगेच नावं जमवायला लागा: वसतिगृहातले मित्र, मामाची मुलं, शेजारच्या दुकानातला दादा. सगळ्यांचे जीमेल पत्ते घ्या, त्यांना अँड्रॉइड मोबाइलवरूनच चाचणीत सामील व्हायला सांगा. कुणी मधेच बाहेर पडतं, म्हणून बारांऐवजी अठरा-वीस जण धरा.

त्या चौदा दिवसांत रोज एकाला समोर बसवून खेळायला द्या आणि स्वतः तोंड उघडू नका. क्रेट कसा सरकवायचा हे सांगावं लागलं तर पहिल्या पडद्यावर काहीतरी कमी आहे. कुठे बोट चुकतं, कुठे कपाळावर आठी पडते, कुठे "अजून एकदा" म्हणतात, हे लिहून ठेवा आणि रात्री त्यातली एकच गोष्ट दुरुस्त करा. केळीचा गेम असा दुकानात पोचला की पुढचा विषय निवडायला आपल्याकडे तोटा नाही. आखाजीचा झोका आहे, कानबाईची मिरवणूक आहे, सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा आहे. पुढच्या गेमला इंजिन तेच ठेवा.